अपडेट उतरलं, पण लागलं का?

मागच्या आठवड्यात पासवर्डबद्दल लिहिलं होतं. पण पासवर्ड ज्या ब्राउझरात टाइप करायचा, त्यालाच भोक असेल तर?

सप्टेंबर २०२३ मधलं उदाहरण घेऊ. ६ तारखेला अ‍ॅपलच्या सुरक्षा गटाने आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने गूगलला एक दोष कळवला. तो होता ‘वेबपी’ प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या ‘लिबवेबपी’ या छोट्याशा लायब्ररीत. दाबून लहान केलेलं चित्र उलगडताना ती मेमरीत काही तक्ते मांडते. त्यांना लागणाऱ्या जागेचा हिशेब आधीच ठरलेला. मुद्दाम बिघडवलेलं चित्र आलं की तक्ता त्या जागेत मावत नाही, मजकूर शेजारच्या मेमरीवर सांडतो आणि हल्लेखोराला स्वतःचा कोड चालवायची वाट मिळू शकते. यात तुम्ही काही डाउनलोड केलेलं नसतं. पान उघडलं, चित्र दिसलं, बस्स.

११ तारखेला क्रोमची दुरुस्त आवृत्ती आली, दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची. वेग कौतुकाचाच. अडचण त्यानंतरची आहे.

क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमचा कोड कोणालाही वाचता येतो. ठिगळ कुठे लावलंय ते दिसलं की कापड कुठे फाटलं होतं हे जाणकाराला कळतंच. ज्याने अपडेट घेतलं नाही, त्याच्यावर हल्ला कसा करायचा याचा पत्ता दुरुस्तीच देते. म्हणून बहुसंख्य लोकांपर्यंत अपडेट पोहोचेपर्यंत गूगल दोषाचा तपशील सहसा झाकून ठेवतं. ऑगस्ट २०२३ पासून तर क्रोमच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर आठवड्याला यायला लागल्या, त्यामागेही हा मधला काळ कमी करण्याचाच हेतू होता.

तो काळ लांबवतो मात्र आपणच. संगणकावर क्रोम अपडेट गुपचूप उतरवून ठेवतं, पण लागू होतं ते ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर. लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे ब्राउझर बंद करणं नव्हे! मेनूतल्या मदत विभागात ‘गूगल क्रोमबद्दल’ उघडा. अपडेट थांबलेलं असेल तर तिथेच ‘रीलाँच’चं बटण दिसेल. उघडे टॅब परत येतात, इन्कॉग्निटोतले येत नाहीत. अर्धा भरलेला सरकारी फॉर्म असेल तर तो आधी सबमिट करा. नंतर मला शिव्या नकोत. आणि एखादं संकेतस्थळच ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करा’ म्हणत असेल, तर ते पान सरळ बंद करा.

लिबवेबपीचं प्रकरण ब्राउझरपाशी संपलं नाही. स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल यांची संगणकावरची अ‍ॅप्स आतून क्रोमियमवरच चालतात. क्रोम अपडेट केल्याने ती दुरुस्त होत नाहीत, प्रत्येकाचं अपडेट वेगळं घ्यावं लागतं.

पुढच्या आठवड्यात एक्स्टेंशन्सबद्दल.