मर्यादा वजनाची की धोक्याची?

सामान्य हौशी माणसालाही बेताच्या खर्चात विमान चालविता यावे, म्हणून अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने २००४ च्या सप्टेंबरपासून ‘हलके क्रीडा-विमान’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. खासगी वैमानिकाला किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते; या वर्गाच्या ‘स्पोर्ट पायलट’ परवान्यासाठी २० तास पुरेसे ठरले. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या जागी बहुतेकांना मोटार चालविण्याचा परवानाही चालू लागला.

या सवलतींच्या बदल्यात विमानावर बंधने आली. आसने दोन, इंजिन एक, सपाट उड्डाणातील कमाल वेग ताशी २२२ किलोमीटर. ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत, तो ‘स्टॉल’चा वेग ताशी ८३ किलोमीटरच्या आत हवा, आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे उड्डाणसमयीचे वजन ६०० किलोंपेक्षा अधिक नको.

यांतील शेवटची अट सर्वांत सोपी दिसते. परंतु तीच सर्वांत फसवी ठरली. ज्या सेस्ना-१५० वर असंख्य नवशिके उडावयास शिकले, ते दोन आसनी, संथ विमान सुमारे ७०० किलो वजनाचे, म्हणून वर्गाबाहेर राहिले. सांगाडा भक्कम करावा, चाकांचा आधार मजबूत करावा, तर वजन वाढे. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेला नियम सुरक्षिततेच्याच आड येऊ लागला.

जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमांनी वजनाची अट काढून टाकली. ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटसाठी स्टॉलचा वेग ताशी १०९ किलोमीटरपर्यंत ग्राह्य धरला गेला. विमान चार आसनी चालेल, पण सोबत प्रवासी एकच. हा बदल तर्कशुद्ध आहे. विमान जितक्या कमी वेगाने जमिनीला टेकू शकते, तितका अपघातातील आघात सौम्य. आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मात्र हेच गणित सावधही करते. ८३ वरून १०९ वर जाताच, वजन तेच धरले तरी, ती ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. प्रशिक्षणाचे किमान तास तेवढेच राहिले, तर वाढीव जबाबदारी शिक्षकाच्या विवेकावर येऊन पडते. शिष्याने वीस तास भरले म्हणजे तो तयार झाला, असे मानणे हीदेखील वजनकाट्याइतकीच फसवी मोजणी होय.