भरतीखालची जमीन आणि गंजलेलं जहाज

दक्षिण चीन समुद्रात सुबी नावाचं प्रवाळाचं एक कडं आहे. २०१२ साली भरतीच्या वेळी तिथे होडी नेली असतीत, तर काय दिसलं असतं? चिनी सैनिकांची एक छोटी चौकी आणि चहूकडे पाणी. पायाखाली खडक, पण पाण्यात बुडालेला. आज त्याच जागी सुमारे तीन किलोमीटरची धावपट्टी आहे. विमानांसाठी हँगर आहेत, रडार आहेत, मोठ्या जहाजांना आसरा देणारं बंदर आहे. ही जमीन ज्वालामुखीनं वर आणलेली नाही. ती माणसानं केली, आणि तीही दोन-तीन वर्षांत!

कशी केली? त्यासाठी आधी प्रवाळाकडे बघायला हवं. प्रवाळाचा एकेक जीव जेमतेम काही मिलिमीटरचा. तो मरतो तेव्हा चुनखडीचा सांगाडा मागे ठेवतो, त्यावर पुढची पिढी बसते, तिच्यावर त्याच्या पुढची. हजारो वर्षं असं चालतं आणि समुद्रात डोंगर उभा राहतो. पण पाण्याच्या पातळीशी आला की तो थांबतो, कारण फार काळ उघड्यावर राहिला तर प्रवाळ जगत नाही. म्हणून या समुद्रातले कितीतरी खडक भरती-ओहोटीच्या मधोमध अडकलेले आहेत: ओहोटीला डोकं वर, भरतीला गायब. ही मधली अवस्था लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरून देश भांडणार आहेत.

२०१३ च्या अखेरीस चीनचे ड्रेजर इथे पोचले. त्यांतलं ‘तियान जिंग हाओ’ हे जहाज १२७ मीटर लांबीचं. त्याच्या पुढच्या टोकाला दात असलेलं फिरतं पातं असतं. ते समुद्रतळाचा प्रवाळ फोडतं, पंप तो चुरा पाण्यासकट ओढून घेतो आणि तरंगत्या पाइपातून कड्यावर नेऊन ओततो. पाणी निथळतं, वाळू उरते. वेग? ताशी सुमारे साडेचार हजार घनमीटर. मागून बुलडोझर येतात, सपाटी करतात, कडेनं काँक्रीटची भिंत घालतात. २०१५ संपेपर्यंत चीननं अशा सात ठिकाणी मिळून ३,२०० एकरांच्या आसपास भराव टाकला होता. प्रवाळानं हजारो वर्षांत उभं केलेलं काही आठवड्यांत भुकटी झालं, हा त्याचा दुसरा हिशोब.

पण एवढा खटाटोप कशासाठी? इथे सागरी कायद्याची गंमत सुरू होते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारानुसार माणसं आपल्या बळावर राहू शकतील अशा खऱ्या बेटाभोवती २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर, तेलावर, वायूवर मालक देशाचा हक्क असतो. वर्तुळाचं गणित करून बघा. एका ठिपक्याएवढ्या बेटापायी चार लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र मिळतो. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे सुमारे तीन लाख! बेटाऐवजी भरतीलाही वर राहणारा नुसता ओसाड खडक असेल, तर १२ मैल मिळतात, म्हणजे साधारण दीड हजार चौरस किलोमीटर. आणि भर समुद्रातला खडक भरतीला बुडत असेल, तर शून्य. प्रवाळ जिथे थांबतो त्याच्या जरा वर कायद्यानं आपली पट्टी लावली आहे!

मग भराव घालून शून्याचे दोनशे करता येतात का? नाही. कायदा खडकाची नैसर्गिक अवस्था बघतो. कृत्रिम बेटाला मिळतो तो फक्त ५०० मीटरचा सुरक्षापट्टा. फिलिपीन्सनं २०१३ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात हेगच्या लवादानं १२ जुलै २०१६ रोजी हेच सांगितलं. सुबी आणि चीननं भराव घातलेलं दुसरं एक कडं, मिसचीफ, हे भरतीला बुडणारे खडक ठरले. ही कडी ज्यात येतात त्या स्प्रॅटली समूहात एकही पूर्ण बेट नाही आणि नकाशावरच्या नऊ तुटक रेषांच्या आत चीन सांगतो त्या ऐतिहासिक हक्कांना कायद्याचा आधार नाही, असंही लवाद म्हणाला. चीननं खटल्यात भागच घेतला नव्हता. निकालही त्यानं धुडकावला. लवादाकडे ना पोलीस, ना आरमार. कागदावर शून्य मिळालेल्या जागी विमानं मात्र उतरतच राहिली.

आता खरा प्रश्न. जगाच्या सागरी व्यापाराचा साधारण तिसरा हिस्सा या पाण्यातून जातो, न्हावा-शेवाहून शांघायला निघालेला कंटेनरसुद्धा. मग प्रतिस्पर्ध्यांनी चीनला बळानं अडवलं का नाही?

खेड्यात बांध कोरणारा शेजारी कसं करतो? एका रात्रीत एकरभर जमीन बळकावत नाही. दर नांगरटीला एक तास आत येतो. एका तासासाठी कोण कुऱ्हाड काढेल? दक्षिण चीन समुद्राचा इतिहास असाच वाचता येतो. १९७४ मध्ये चीननं पॅरासेल बेटांचा पश्चिम भाग दक्षिण व्हिएतनामकडून घेतला, तेव्हा अमेरिका तिथून अंग काढून घेत होती. १९८८ मध्ये जॉन्सन साउथ या खडकावर चीनच्या हातून ६४ व्हिएतनामी सैनिक मारले गेले. फिलिपीन्समधला अमेरिकेचा सुबिक तळ १९९२ मध्ये बंद झाला, आणि १९९५ मध्ये मिसचीफवर खांबांवरच्या झोपड्या दिसू लागल्या. कोळ्यांच्या निवाऱ्यासाठी आहेत, असं चीननं सांगितलं. तिथेही आज धावपट्टी आहे. २०१२ मध्ये स्कारबरो खडकाचा ताबा फिलिपीन्सच्या हातून चीनकडे गेला. प्रत्येक घास असा की त्यासाठी महायुद्ध पेटवणं वेडेपणाचं वाटावं.

अमेरिका आणि फिलिपीन्स यांच्यात १९५१ चा संरक्षण करार आहे. सैन्यावर, सरकारी जहाजांवर किंवा विमानांवर ‘सशस्त्र हल्ला’ झाला तर दोघांनी मिळून तोंड द्यायचं. २०१९ मध्ये अमेरिकेनं जाहीर केलं, की दक्षिण चीन समुद्रही या करारात येतो. मग चीनची आघाडीची फळी कोणाची असते, बघा. नौदल मागे, तटरक्षक दल आणि मासेमारी नौकांचे ताफे पुढे. हत्यार कोणतं? बहुतेक वेळा पाण्याचा फवारा! काच फुटते, माणसं जखमी होतात, पण त्याला सशस्त्र हल्ला म्हणायचं की नाही यावर वकील वाद घालत बसतात.

अमेरिकेचं उत्तरही तितकंच बारीक. मे २०१७ मध्ये ‘ड्युई’ ही विनाशिका मिसचीफपासून १२ मैलांच्या आत शिरली आणि तिनं ‘माणूस पाण्यात पडला’ अशी कवायत केली. कवायत का? दुसऱ्याच्या सागरी हद्दीतून युद्धनौकेला नुसतं निरुपद्रवी पुढे जाता येतं, कवायती करता येत नाहीत. कवायत केली याचा अर्थ, ही कोणाची हद्दच नाही. एक गोळी न झाडता अख्खा युक्तिवाद मांडून झाला.

सगळ्यात अफाट युक्ती मात्र गरीब फिलिपीन्सची. मिसचीफच्या जवळच दुसरा बुडता खडक आहे, सेकंड थॉमस. १९९९ मध्ये फिलिपीन्सनं ‘सिएरा माद्रे’ हे जहाज मुद्दाम त्यावर चढवलं आणि तिथेच सोडलं. १९४४ चं हे अमेरिकी जहाज, दुसरं महायुद्ध आणि व्हिएतनाम बघून आलेलं. आज त्याच्या पत्र्याला भोकं पडली आहेत, पण मूठभर नौसैनिक त्यावर राहतात. कागदोपत्री ते अजून नौदलाच्या सेवेत आहे. म्हणजे त्यावर गोळी झाडली, तर थेट १९५१ चा करार जागा होतो! बांध कोरणाऱ्यावरच पहिला वार करण्याची पाळी आणून ठेवली.

करार जागा होण्याची रेषा नेमकी कुठे आहे? ३१ मे २०२४ रोजी सिंगापूरमध्ये फिलिपीन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस म्हणाले, की कोणी मुद्दाम फिलिपिनो माणसाचा जीव घेतला, तर ते युद्धाच्या कृतीच्या अगदी जवळ जाईल. १७ दिवसांनी, १७ जूनला, सेकंड थॉमसजवळ रसद नेणाऱ्या रबरी बोटींना चिनी तटरक्षकांनी कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन घेरलं. एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. मनिलानं संताप व्यक्त केला, पण सशस्त्र हल्ला म्हटलं नाही. चीन आणि अमेरिका या दोन अण्वस्त्रधारी देशांमधल्या शांततेचं माप त्या दिवशी अंगठा आणि जीव यांच्या मधल्या अंतराएवढं होतं.

तेव्हा ‘प्रतिस्पर्ध्यांनी अडवलं का नाही’ या प्रश्नाचं उत्तर असं, की अडवणं सुरूच आहे, फक्त तासातासानं. फिलिपीन्स प्रत्येक धडकेचा व्हिडिओ जगाला दाखवतो. एप्रिल २०२४ मध्ये त्याला भारताकडून ब्राह्मोस क्षेपणास्त्रं मिळाली. आणि व्हिएतनाम? त्यानं चीनचाच धडा गिरवला: २०२१ पासून तोही ड्रेजर लावून झपाट्यानं भराव घालतो आहे.

आणि सेकंड थॉमसवर काय चाललंय? जुलै २०२४ मध्ये चीन आणि फिलिपीन्स यांच्यात रसदीबाबत तात्पुरती समजूत झाली. अन्न-पाणी नेण्याला चीनची फारशी हरकत नाही. बांधकामाच्या सामानाला आहे. कारण जहाज आपोआप मोडून पडलं, तर करारही जागा होत नाही आणि गोळीही झाडावी लागत नाही. जहाजांच्या संख्येनं जगातलं सर्वांत मोठं आरमार बाळगणारा देश इथे गंजाच्या भरवशावर थांबला आहे, आणि समोरचा जुन्या पत्र्याला ठिगळं लावतो आहे.