रोजचे साठ किलोमीटर

"पाच आठवडे रोज कोल्हापूरला? अहो, मग घरचं कोण बघणार?"

गर्भाशयमुखाचा किंवा स्तनाचा कॅन्सर आहे आणि 'लाईट' घ्यावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की बाईच्या तोंडी पहिल्या दोन-चार प्रश्नांत हा प्रश्न येतोच. आजाराची धास्ती असतेच, पण तिच्या जोडीला म्हशीची धार, मुलांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या हेही डोक्यात फिरत असतं. मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्या-माझ्या डोक्यात काय वेगळं आलं असतं?

वारणानगरच्या बायकांना तशी लांब जायची सवय कमीच. तात्यासाहेब कोरे यांनी इथं साखर कारखाना उभा केला आणि मग दूध संघ, वारणा बाजार, शाळा-कॉलेजं असं एकेक दारात आलं. साडीपासून साबणापर्यंत काही घ्यायला कोल्हापूर गाठायला नको. रेडिएशनचं यंत्र मात्र असं दारात येत नाही. त्याला मीटरभराहून जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि डॉक्टरांच्या जोडीला किरणांचं मोजमाप करणारे भौतिकशास्त्रज्ञही लागतात. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं, ही कौतुकाचीच गोष्ट. पण अशी गावं किती? आपल्याकडच्या कितीतरी जणींनी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून परळचं टाटा रुग्णालयच गाठलं. आता कोल्हापुरात आणि मिरजेतही हे उपचार मिळतात. कोल्हापूर तर तीसेक किलोमीटरवर. मग अडचण कसली?

अडचण 'रोज' या शब्दात आहे.

ऑपरेशन एकदाच होतं. गाडी ठरवतात, बहीण येते, जाऊ सोबत राहते, सगळं घर धावतं. रेडिएशनचं तसं नाही. यंत्राखाली दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, काही दुखत नाही, खुपत नाही. पण सोमवार ते शुक्रवार रोज जायचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण पंचवीस वेळा किरण देतात, बहुतेक वेळा जोडीला आठवड्यातून एकदा केमोथेरपी असते, आणि त्यानंतर आतून द्यायच्या किरणांच्या काही फेऱ्या. नुसत्या त्या पंचवीस दिवसांचा हिशेब केला तरी जाऊन-येऊन दीड हजार किलोमीटर होतात. म्हणजे कोल्हापूरहून मुंबईला दोनदा जाऊन परत यावं, जवळजवळ तेवढा प्रवास!

समजा, कोडोलीकडच्या एखाद्या वहिनी निघाल्यात. पहिला आठवडा बरा जातो. नवऱ्यानं सुट्टी काढलेली असते, मोटारसायकलवर सोडतो. दुसऱ्या आठवड्यात एसटी. ओटीपोटाला किरण देताना बऱ्याच ठिकाणी लघवीची पिशवी भरलेली ठेवायला सांगतात, म्हणजे आतड्यांना त्रास कमी होतो. पण पाणी पिऊन नंबर लागायची वाट बघत बसायचं, हे काय दिव्य असतं ते बाईलाच कळेल. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब सुरू होऊ शकतात, लघवीला जळजळतं, अंगात त्राण राहत नाही. अशा वेळी एसटीत तासभर बसायचं आणि स्टँडवरच्या त्या स्वच्छतागृहात जायचं! याबद्दल घरात पुरुषांसमोर बोलायचं कसं? मग वहिनी एवढंच म्हणतात, "आज नको वाटतंय. दोन दिवस नाही गेलं तर काय होतंय?"

होतं काय, ते जरा नीट बघू. किरणांचा मारा थोडा-थोडा रोज देतात, कारण चांगल्या पेशी दोन माऱ्यांच्या मधल्या वेळात स्वतःला दुरुस्त करतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. पण मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. म्हणूनच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सगळे किरण, आतले आणि बाहेरचे मिळून, आठ आठवड्यांत पूर्ण व्हावेत असा दंडक आहे. त्यापुढं लांबणाऱ्या प्रत्येक दिवसाला रोग आटोक्यात येण्याची शक्यता शेकड्यामागे अर्ध्या ते एका टक्क्यानं घटते, असं निरनिराळ्या अभ्यासांत दिसलंय. यात्रा, पाहुण्यांकडचं लग्न, उसाची तोड यांपायी बुडालेले दिवस असे मोजावे लागतात. कधी यंत्रच बंद पडतं, ते आपल्या हातात नसतं. तेव्हा चुकलेला दिवस कसा भरून काढायचा हे लगेच डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनानं पुढच्या सोमवारची वाट बघायची नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे अंतर आणखी आधीच आडवं येतं. स्तन वाचवून फक्त गाठ काढली तर पुढं बहुधा रेडिएशन लागतंच. रोज जाणं जमणार नाही म्हणून स्तनच काढून टाकायला तयार होणाऱ्या बायका असतात. हे आपल्याकडचंच नव्हे बरं का. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. गाठ काढल्यानंतर रेडिएशन घेणाऱ्या बायकांचं प्रमाण उपचार केंद्र जितकं लांब तितकं कमी, असं त्यात आढळलं. मोटारींच्या देशात ही गत!

इथं एक चांगली बातमीही आहे. पूर्वी स्तनासाठी पाच आठवडे किरण देत, आता अनेकींना तीन आठवड्यांत पंधरा वेळा पुरतात. २०२० साली इंग्लंडमधून आलेल्या निष्कर्षांनुसार तर निवडक रुग्णांना आठवडाभरात पाच वेळाही चालतात. आपल्या बाबतीत कमी दिवसांत होईल का, हे विचारायला लाजू नका. नाही म्हणाले तर कारण विचारा.

पैशाचं म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. रोजची रिक्षा, सोबत्याची बुडालेली मजुरी, बाहेरचा चहा-नाष्टा मात्र घरचाच. तो आकडा आधीच कागदावर मांडा. कोल्हापुरात मावशी, नणंद, मैत्रीण कुणी असेल, तर निदान तिसऱ्या आठवड्यापासून तिच्याकडं मुक्काम करता येतो का बघा. "कशाला कुणाच्या घरी ओझं," हे वाक्य या दोन महिन्यांपुरतं गुंडाळून ठेवा.

आणि घरच्यांनो, म्हशीची धार कुणी काढायची, हे वहिनींनी पहिल्यांदा बसमध्ये बसायच्या आदल्या रात्रीच ठरवून टाका.