लुकलुकणारा ‘चेक इंजिन’ दिवा

स्थिर दिवा: बिघाडाची नोंद झाली, लवकर तपासणी हवी.

लुकलुकणारा दिवा: मिसफायर सुरू आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळतं आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळू शकतो. गाडी बाजूला घेणंच बरं.

अमेरिकेत १९९६ पासून पिकअपनाही ओबीडी-२ ही बिघाड नोंदवणारी यंत्रणा सक्तीची. तिचं सॉकेट डॅशबोर्डखाली असतं; तिथे स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड दिसतो:

• पी०३००: मिसफायर एकाच सिलिंडरपुरता नाही.

• पी०३०४: चौथा सिलिंडर. इथेच फसगत होते. फोर्ड एफ-१५०च्या व्ही-८ इंजिनात तो प्रवाशाच्या बाजूला सर्वांत मागे. शेवरले सिल्व्हराडोच्या व्ही-८मध्ये त्याच बाजूला, पण पुढून दुसरा.

या सिलिंडरची इग्निशन कॉइल वेगळ्या सिलिंडरवर लावून पाहतात. कोडही तिच्यासोबत सरकला, तर दोष कॉइलचा. नाही सरकला, तर आधी स्पार्क प्लग, मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.