कर्तबगार माणूस कुठेही चालतो?

वाशिम जिल्ह्यात सोसायटी असो, बचत गट असो की शेतकरी कंपनी, अध्यक्ष ठरवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: माणूस कर्तबगार आहे, कुठेही बसवा, चालवून दाखवेल. माझ्या मते सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. संस्था कोणाच्या पैशावर आणि कोणत्या कायद्यावर उभी आहे, त्यावर तिथल्या नेतृत्वाचं काम ठरतं.

शेतकरी उत्पादक कंपनीच घ्या. २००२ च्या कायदादुरुस्तीने किमान दहा शेतकऱ्यांना अशी कंपनी काढता येऊ लागली. शेअर कितीही असोत, शेतकरी सभासदाला मत एकच. तरी अध्यक्ष म्हणजे सर्वेसर्वा, असं लोक धरून चालतात. कायदा मात्र पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायला लावतो आणि तो सभासदांपैकी नसावा, अशी अट घालतो. या अटीचा उपयोग काट्यावर कळतो. कंपनीमार्फत होणाऱ्या हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनमधला ओलावा साधारण १२ टक्क्यांपर्यंत चालतो. अध्यक्षाच्या चुलतभावाच्या मालाला मीटर १५ दाखवतं. ‘घेऊन टाका’ म्हणणारा अध्यक्ष भावकीत भला ठरतो. माल परत आला की तोटा मात्र सगळ्या सभासदांच्या माथी. इथला चांगला अध्यक्ष ‘नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, आणि घरच्यांचा रुसवा सोसतो.

बचत गटात शिकलेली, बोलकी बाईच अध्यक्ष हवी, हाही समज तितकाच पक्का. गट दहा ते वीस जणींचा. त्याची पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशोब. बँकही कर्ज देताना हेच तपासते. यात भाषणाला कुठेच जागा नाही. अध्यक्षेला वाचता येत नसलं तरी चालतं. दर बैठकीत सचिवाकडून प्रत्येकीची नोंद मोठ्याने वाचून घेतली म्हणजे झालं. हप्ता थकलेल्या बाईला चारचौघींत मान खाली घालायला न लावता पैसे मागणं, हे खरं अवघड काम.

‘बाई सरपंच म्हणजे नुसती सही’ असंही म्हणतात. राज्यात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. ग्रामनिधीतून पैसा काढायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) दोघांची सही लागते आणि जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. सरपंचाच्या नवऱ्याला कायद्यात कसलाही अधिकार नाही. गटात हिशोब ऐकायची सवय लागलेली बाई कोऱ्या चेकवर सही करत नाही.

सरकारी कचेरीत मात्र कडक साहेब आला की काम होतं, असं मानतात. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांत वाशिम आहे. तिथे आरोग्य-पोषण, शिक्षण, शेतीची प्रगती सतत मोजली जाते. पोषणाचा आकडा अंगणवाडीच्या वजनकाट्यापासून सुरू होतो. सेविका खरं वजन लिहायला घाबरली, तर धाकाने फक्त रजिस्टर सुधारतं. म्हणून भेटीला आलेल्या साहेबाने कुपोषित मुलं किती घटली हे विचारण्याआधी काटा चालू आहे का, ते बघावं.