बोटं वळेनाशी झाली, की कुणाकडे जायचं?

सकाळी डब्याचं झाकण उघडत नाही, कणीक मळताना बोटं वळत नाहीत आणि ऊन वर येईपर्यंत हात हळूहळू सैल होतात. अंधेरी असो की मुलुंड, ही तक्रार आधी केमिस्टकडे जाते, मग मालिशवाल्याकडे, मग हाडांच्या डॉक्टरकडे. युरिक ॲसिड तपासून होतं, कॅल्शियम सुरू होतं, आंबट बंद होतं. त्यात वर्ष सरतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये नेमकं हेच वर्ष महागात पडतं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, सूज येते आणि ती सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच हाड कुरतडू लागते. ते नुकसान औषधाने भरून येत नाही.

वयपरत्वे झिजलेला गुडघा जिना चढल्यावर दुखतो, बसलं की बरं वाटतं. इथे उलट घडतं. झोपून उठल्यावर सांधे आखडतात, हालचालीने सुटतात. हा आखडलेपणा रोज अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर संधिवाततज्ज्ञच, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठावा. हा आजार दुर्मीळ नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हा तो साधारण दोनशे प्रौढांमागे एकात आढळला. बायकांमध्ये प्रमाण दुप्पट-तिप्पट असतं.

डॉक्टर शोधताना

एम.डी. मेडिसिननंतर या विषयातलं डी.एम. किंवा तत्सम प्रशिक्षण आहे का, हे पाहावं. असे डॉक्टर मोजकेच, त्यामुळे बरेच जण आठवड्यातल्या ठरावीक वारी वेगवेगळ्या रुग्णालयांत बसतात. अंधेरी, मुलुंडच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत फोन करून आधी वार विचारावा. खर्च झेपत नसेल, तर परळच्या केईएममध्ये या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. घाटकोपरहून धीम्या लोकलने परळला उतरावं, बोरिवलीहून प्रभादेवीला.

पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट, घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि सुजलेल्या हाताचा मोबाइलवर काढलेला फोटो न्यावा. दुपारची अपॉइंटमेंट मिळाली, तर सूज तोवर उतरलेली असते. काढे, पुड्याही सांगाव्यात. लेबल नसलेल्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड निघतं आणि ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं. चांगला डॉक्टर एकेक सांधा दाबून पाहतो. आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या चाचण्या निगेटिव्ह आल्या, तरी आजार असू शकतो.

औषध सुरू होतं तेव्हा

बहुतेकांना पहिलं औषध मिळतं ते मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९८८मध्ये मंजुरी मिळाली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर रक्तपेशी घसरून जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवावा आणि बॉलपेनने पाकिटावरच मोठ्या अक्षरांत ‘फक्त रविवार’ असं लिहून टाकावं. सोबत फॉलिक ॲसिड असतं, ते डॉक्टर सांगतील त्या वारी. सुरू करण्याआधी रक्त, यकृत, मूत्रपिंड, कावीळ बी आणि सी यांच्या तपासण्या होतात. पुढेही रक्त ठरावीक अंतराने तपासावं लागतं. दारू टाळावी. मूल हवं असेल, तर ते आधीच सांगावं, कारण हे औषध गर्भाला घातक आहे.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. ‘काहीच फरक नाही’ म्हणून अनेकांची औषधं याच काळात सुटतात. तोवर दुखणं आवरायला डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात. त्याने दोन दिवसांत बरं वाटतं. पण ते कधी कमी करायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

एवढ्याने भागलं नाही, तर बायोलॉजिक इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. इंजेक्शनं महाग खरी. तरी डिसेंबर २०१४मध्ये अहमदाबादच्या झायडसने ॲडॅलिमुमॅब या बायोलॉजिकचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती प्रत, भारतात आणलं, त्यानंतर किमतीला थोडा उतार आला. ही इंजेक्शनं किंवा गोळ्या सुरू करण्याआधी मुंबईत एक तपासणी चुकवूच नये, ती टीबीची. अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू सुप्त असतात आणि ही औषधं त्यांना जागं करू शकतात. त्यासाठी छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली, तर आधी टीबीची औषधं घेऊन मग पुढे जाता येतं.

बरं वाटलं म्हणून औषध सोडू नये. आणि बरं वाटलंच नाही, तर त्याच चिठ्ठीवर वर्षभर रेटू नये. तीन महिन्यांत सुधारणा नसेल किंवा सहा महिन्यांत सूज पुरती आटोक्यात आली नसेल, तर उपचार बदलावेत, असा जगभरच्या तज्ज्ञांचा दंडक आहे. ‘डॉक्टर, आता पुढे काय?’ हे तेव्हा आपणहून विचारायला अजिबात संकोचू नये.