पोलीस गणवेशातील सूरसंग्राहक : फ्रान्सिस ओनील

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील महादुष्काळानंतर आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांपैकी अनेकांनी तेथील शहरांच्या पोलीस दलांत नोकरी धरली आणि त्यांच्याबरोबर गावोगावचे, कागदावर कधीच न उतरलेले संगीतही त्या शहरांत पोहोचले. हे दोन्ही प्रवाह फ्रान्सिस ओनील (१८४८–१९३६) यांच्या आयुष्यात एकत्र आले. शिकागोचे पोलीसप्रमुख आणि आयरिश लोकसंगीताचे संग्राहक या त्यांच्या दोन भूमिका एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, कारण संग्रहासाठी लागलेली माणसे, ओळखी व अधिकार त्यांना बहुतांशी नोकरीनेच मिळवून दिले.

कॉर्क काउंटीतील बँट्रीजवळच्या ट्रालिबेन येथे जन्मलेल्या ओनील यांनी घरातील गाणी कानाने टिपली, बासरी आत्मसात केली आणि १८६५ मध्ये जहाजावर खलाशी म्हणून नोकरी पत्करली. काटक शरीर आणि तल्लख कान या दोहोंची कसोटी १८६७ मध्ये लागली. त्यांचे जहाज प्रशांत महासागरातील बेकर बेटावर फुटले आणि सुटका करणाऱ्या जहाजावर सर्वांना अर्धपोटी राहावे लागले; तेथील एका हवाईयन खलाशाकडे बासरी होती, तिच्यावर ओनील यांनी वाजवलेले सूर ऐकून तो आपल्या वाट्याचे अन्न त्यांना देऊ लागला. बहुतेक सहप्रवाशांना होनोलुलूच्या इस्पितळात भरती करावे लागले, तेव्हा ओनील मात्र धडधाकट होते.

मेंढपाळी, शिक्षकी, रेल्वेतील मजुरी असे फिरते उद्योग केल्यानंतर १८७३ मध्ये ते शिकागो पोलीस दलात शिपाई झाले. पहिल्याच महिन्यात एका घरफोड्याने झाडलेली गोळी त्यांच्या पाठीच्या कण्याजवळ रुतली आणि ती आयुष्यभर तेथेच राहिली. तरीही पायरी-पायरीने बढती मिळवत १९०१ मध्ये ते दलाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावरील हल्ल्यानंतर अराजकवादी एमा गोल्डमन यांना शिकागोत अटक झाली, तेव्हा ओनील यांनी त्यांचे म्हणणे स्वतः ऐकून घेतले आणि कटाशी त्यांचा संबंध नसल्याचे त्यांना पटले. गोल्डमन यांनी या न्याय्य वागणुकीची नोंद आपल्या आत्मचरित्रात केली आहे.

नोकरीबरोबरच चाललेल्या धुनांच्या संग्रहाची पद्धत दोघांच्या श्रमविभागणीवर उभी होती. ओनील यांची स्मरणशक्ती विलक्षण होती, परंतु स्वरलेखन, म्हणजे पाच आडव्या रेषांवर सूर व त्यांची लांबी चिन्हांनी दाखवण्याची रीत, त्यांच्या हातची नव्हती. ते काम डाउन काउंटीतून आलेले व्हायोलिनवादक जेम्स ओनील करीत. दोघांचे आडनाव एकच असले तरी नाते नव्हते. फ्रान्सिस यांनी धून वाजवायची वा गुणगुणायची, जेम्स यांनी ती उतरवून पुन्हा वाजवून दाखवायची आणि चूक असेल तेथे दुरुस्ती करायची, असा क्रम चाले. जेम्स पुढे पोलीस दलात सार्जंट झाले. दलात इतरही वादक होते आणि आयरिश बॅगपाइप, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायचे सुषिरवाद्य, वाजवणारे बर्नार्ड डेलेनी हे त्यांपैकी एक. नोकरभरतीत सूर जाणणाऱ्यांना झुकते माप मिळत असल्याचा आक्षेप त्यामुळे सहज संभवतो. तथापि विखुरलेले वादक एका शहरात, एका वर्तुळात टिकून राहण्यास या भरतीचाच हातभार लागला.

१९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओनील्स म्युझिक ऑफ आयर्लंड’मध्ये १,८५० धुना असून त्यांत ६२५ गीतधुना आहेत, उरलेल्यांत मोठा वाटा रील आणि जिग यांचा, म्हणजे अनुक्रमे चार व सहा मात्रांच्या घाटात बांधलेल्या नृत्यधुनांचा, आहे. १९०५ मध्ये पद सोडल्यानंतर १९०७ साली त्यांनी १,००१ नृत्यधुनांचा निवडक संग्रह काढला आणि १९१३ मध्ये वादकांची चरित्रे प्रसिद्ध केली. पुढे १९३१ मध्ये आपला ग्रंथसंग्रह त्यांनी नोत्र दाम विद्यापीठाला दिला.

या कार्याला मर्यादाही आहे. वादकागणिक बदलणाऱ्या धुनेचे एकच रूप छापले गेले की तेच प्रमाण मानले जाते आणि तिचे अलंकरण, म्हणजे मूळ सुराभोवतीच्या बारीक हरकती, कागदाबाहेर राहतात. ओनील यांनी मेणाच्या नळकांड्यांवर केलेल्या ध्वनिमुद्रणांचे मोल म्हणूनच मोठे आहे, कारण लिपीत न मावणारे वादन त्यांत ऐकता येते आणि छापील धून त्याच्याशी ताडून पाहता येते.